पोटगीने हिशेब पुरा होत नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



घटस्फोटित स्त्रीचा प्रश्न आपल्या सभांतून निघतो, तो बहुधा प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून. समाज काय म्हणेल, मुलांचे काय होईल, याची चर्चा आपण करतो. परंतु न्यायालयाचा हुकूमनामा हाती पडल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिच्यापुढे उभा राहतो तो निखळ आर्थिक प्रश्न. घरभाडे कोठून द्यावयाचे, मुलांची फी कशी भरावयाची आणि पंधरा-वीस वर्षे राबून आपल्या नावावर नेमके काय उरले?

या शेवटच्या प्रश्नाला आपल्या कायद्याने दिलेले उत्तर कठोर आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात पोटगीची तरतूद आहे. संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत पत्नीला हक्काचा वाटा मात्र नाही. कलम 27 बोलते ते लग्नप्रसंगी उभयतांना मिळालेल्या वस्तूंविषयी. म्हणजे आहेरातील भांड्यांची वाटणी होऊ शकते. पण पोटाला चिमटा घेऊन तिने ज्याचे हप्ते भागविले ते घर आणि ज्या शेतात ती आयुष्यभर खुरपत राहिली ते शेत, कागदोपत्री पतीचे असले की सर्वसाधारणपणे पतीचेच राहते. श्रम दोघांचे आणि मालकी एकाची, ही व्यवस्था कारखान्यात आपणास अन्यायाची वाटते. मग घरात ती न्यायाची कशी ठरते?

हे अटळ आहे असेही नव्हे. शेजारच्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक मानली जाते आणि विभक्त होताना पत्नीला निम्मा वाटा मागता येतो. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने 2013 साली संमत केले होते. लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि 2014 साली सभागृहाच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. ही मागणी आपण पुन्हा उचलली पाहिजे.

तोवर हाती असलेली हत्यारे तरी नीट वापरली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात, पोटगीच्या दाव्यात उभय पक्षांनी आपल्या उत्पन्नाचे व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरविले. 2024 साली त्याच न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीसही फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट केले. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज मात्र ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणून थांबणारी बाई येथेच फसते. स्त्रीधन हे तिच्याच मालकीचे, हा निवाडा 1985 सालचा आहे. म्हणून दागिन्यांची यादी व पावत्या जपून ठेवल्या पाहिजेत. 1987 च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मागता येते. आणखी एक गोष्ट. पतीच्या कर्जावर तिने सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तर घटस्फोटाने ती सही पुसली जात नाही. बँकेची नोटीस तिच्याही दारी येते. तेव्हा तडजोडीच्या कागदावर कर्जाचा निकाल आधी लावावा, बँकेकडून तिची जबाबदारी लेखी सोडवून घ्यावी आणि मग सही करावी.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. पण गावोगाव बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतली जातात, चोळी-बांगडीवर बोळवण होते. आणि तीच बहीण उद्या माघारी आली की तिला भावाच्या दयेवर राहावे लागते. त्या हक्कसोडपत्रांवर साक्षीदार म्हणून आपल्यापैकी किती जणांच्या सह्या आहेत?

1988 साली संगमनेर येथे समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरविली. टाकलेल्या स्त्रीचे दुःख हे सार्वजनिक कार्याचा विषय आहे, हे त्या चळवळीने महाराष्ट्राला बजावले. आपल्या शाखांनी तोच धागा पुढे न्यावा. स्वतःच्या नावाचे बँक खाते, स्वतंत्र शिधापत्रिका, घराचा करार, बचत गटातले कर्ज ही कामे लहान दिसतात. परंतु तहसील कचेरीत एकट्या बाईला चार खेपा घालाव्या लागतात आणि सोबत कार्यकर्ता असला की दाद लवकर लागते. अशा स्त्रीला सहानुभूतीचे शब्द पुष्कळ मिळतात. तिला हवी आहे ती आपल्या श्रमांची नोंद, तिच्या स्वतःच्या नावावर. ती मिळवून देणे हे समतेच्या लढ्याचेच काम आहे.