मशीन कुणाचं ऐकतं?

श्रोतेहो, आधी पत्ता सांगतो, कारण त्यात नेहमी घोटाळा होतो. ठाण्यात घोडबंदर रोडला एक मानपाडा आहे आणि डोंबिवली पूर्वेला दुसरं. मी राहतो ते डोंबिवलीचं. स्टेशनपासून निघालेला मानपाडा रोड जिथे कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो, त्या बाजूला. एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मी मशीनवर बोलणार, हे ऐकून घरातले सगळे हसले.

पण मशीनचा आवाज माझ्या लहानपणापासूनचा ओळखीचा आहे. अब्बा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. संध्याकाळी ते घरी आले की कपड्यांना कूलंटचा वास यायचा. बुटाच्या तळव्यात लोखंडाचा कीस रुतलेला असायचा आणि अम्मी तो चिमट्याने काढत बसायची. नव्वदच्या दशकात त्यांच्या कारखान्यात संगणकाच्या हुकमाने चालणारं पहिलं मशीन आलं. त्याला सीएनसी म्हणतात. त्याच्या कपाटाला कुलूप होतं आणि पडद्याला पासवर्ड. अब्बांना जॉब लावायला आणि काढायला ठेवलं. आयुष्यभर हाताने माप साधणारा माणूस बटण दाबणारा झाला. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदाच म्हणाले, "मशीन चांगलं आहे रे, पण त्याला काही विचारता येत नाही."

हे वाक्य मला इतक्या वर्षांनी आठवलं ते आमच्या शेजारच्या काकांमुळे. काका निवृत्त फिटर. एमआयडीसीच्या कडेला त्यांचा एक छोटा गाळा आहे. त्यांनी भंगारातून एक जुनं सीएनसी मिलिंग मशीन उचललं. बिडाचं अंग ठणठणीत, स्क्रू बरे, पण मेंदू गेलेला. म्हणजे कंट्रोलर बंद. बनवणाऱ्यांनी ते मॉडेल कधीच थांबवलेलं. नवा कंट्रोलर घ्यायचा तर त्याची किंमत मशीनपेक्षा जास्त. काकांची नात डिप्लोमा करते. ती म्हणाली, "आजोबा, जुना कॉम्प्युटर द्या. आपण लिनक्ससीएनसी घालू." तीन महिन्यांनी ते मशीन हललं. मी बघायला गेलो, तर ती म्हणाली, "चाचा, जवळ या, घाबरू नका. फक्त तो लाल खटका कुठे आहे ते आधी बघून ठेवा."

आता हा प्रकार काय आहे, ते मला कळलं तसं सांगतो. मशीनच्या टेबलाखाली लांब स्क्रू असतो आणि तो फिरवायला मोटर. ही मोटर सलग फिरत नाही, टप्प्याटप्प्याने फिरते. एका फेऱ्यात साधारण दोनशे टप्पे. स्क्रू एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला चाळीस टप्पे झाले. म्हणजे एक टप्पा पंचवीस मायक्रॉनचा, वहीच्या कागदाच्या जाडीचा साधारण पाव भाग. मशीनला जे सांगायचं ते एका ठरलेल्या लिपीत. जी शून्य म्हणजे झटकन त्या जागी जा. जी एक म्हणजे सरळ रेषेत कापत जा. जी दोन म्हणजे घड्याळाच्या दिशेने कमान घे. या ओळी वाचून संगणक मोटरला टप्पे मोजून देतो. आपला घरचा संगणक मध्येच क्षणभर थबकतो तेव्हा आपण चहाचा घोट घेतो. इथे तो थबकला तर कटर भलत्या ठिकाणी जातो. म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागाला ठरलेलं काम झालंच पाहिजे, अशी शिस्त त्याला लावावी लागते. ही शिस्त लावणारी प्रणाली म्हणजे लिनक्ससीएनसी. ती फुकट मिळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती उघडी आहे. तिची संहिता कुणालाही वाचता येते, बदलता येते.

आकड्यांनी मशीन चालवण्याची कल्पना तशी जुनी. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने असं मिलिंग मशीन जगाला दाखवलं. पैसा हवाई दलाचा होता आणि हुकूम भोकं पाडलेल्या पट्टीवरून दिले जात. पुढे चाळीस वर्षं हे तंत्र मोठ्या कंपन्यांच्या कपाटात राहिलं. १९९०च्या दशकात वजनं-मापं प्रमाणित करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, निस्टने, साध्या संगणकावर चालणारा एक नियंत्रक तयार केला. त्याचं नाव ईएमसी. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून जे लिहिलं, त्यावर तिथे स्वामित्व हक्क लागत नाही. त्यामुळे ही संहिता लोकांची झाली. गॅरेजमध्ये मशीन ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी ती उचलली, सुधारली, वाढवली. ईएमसी या नावाची एक मोठी कंपनीही होती. तिच्याशी नावावरून खटका उडाला आणि २०११ मध्ये नाव बदलून लिनक्ससीएनसी झालं.

इथे माझ्यातला सोसायटीचा सभासद जागा झाला. मी विचारलं, "मालक नाही, तर मग ठरवतं कोण?" कारण मालक नसलेल्या गोष्टीचं काय होतं, हे आपण जिन्यातल्या दिव्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत रोज पाहतो.

उत्तर असं की, हे त्या मंडळींना सुरुवातीपासून सोडवावं लागलं. त्यांनी आपल्यातूनच संचालक मंडळ निवडायची प्रथा पाडली. ज्या डेबियन नावाच्या प्रणालीवर लिनक्ससीएनसी बसवतात, त्या डेबियनच्या स्वयंसेवकांनी तर १९९८ साली स्वतःची घटनाच लिहिली. तिथे दरवर्षी मतदानाने प्रमुख निवडतात आणि त्याने चूक केली तर सभासद त्याचा निर्णय फिरवू शकतात. पगार कुणालाच नाही. तरी घटना लागलीच. कारण भांडणाला पगार लागत नाही.

भांडणंही झाली. साधारण २०१४च्या सुमारास लिनक्ससीएनसीतल्या काही जणांनी मशीनकिट नावाची वेगळी चूल मांडली. मुद्दा तंत्राचा होता, तसाच कुणाची सुधारणा कधी आणि कशी स्वीकारायची याचाही होता. नव्या घराने सुधारणा स्वीकारण्याचे आपले नियम वेगळे ठरवले. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की भिंत बांधतात. इथे परवानाच असा, की सुधारून वाटलंत तर संहिताही उघडी ठेवावी लागते. त्यामुळे चुली दोन झाल्या तरी धान्याचं कोठार बंद होत नाही. वेगळं होण्याचा हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. तो आहे म्हणूनच कारभाऱ्यांना सांभाळून बोलावं लागतं.

हे सगळं दूरचं झालं. आता पुन्हा काकांच्या गाळ्यात येऊ. मशीन चालू झाल्याची बातमी पसरली आणि दर रविवारी पाचसहा जण जमू लागले. एक रिक्षा चालवणारा, त्याला लाकडात नक्षी कोरायची असते. दोन कॉलेजची मुलं. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते नातवासाठी आगगाडीचं इंजिन बनवतात. आणि चहापुरता मी. एका रविवारी बँकवाल्यांनी जॉब लावला, हुकूम दिला आणि टेबल हवं त्याच्या दहापट धावलं. कटर वाइसवर आपटून तुटला. नशीब, कुणाचा हात मध्ये नव्हता. पाहिलं तर एका मिलिमीटरला किती टप्पे, तो आकडा कुणीतरी बदललेला. चाळीसच्या जागी चारशे एक. विचारलं, तर कुणीच बोलेना. सगळ्यांच्या नजरा कॉलेजच्या त्या दोन पोरांकडे.

काका संतापले. म्हणाले, "उद्यापासून पासवर्ड. माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." नात शांतपणे म्हणाली, "मग आजोबा, तुमच्या त्या जुन्या कंपनीत आणि आपल्यात फरक काय राहिला?" मला अब्बा आठवले. गाळ्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "शायर, तुम्ही लिहिता ना? मग नियम लिहा. साध्या मराठीत, भिंतीवर लावता येतील असे."

कविता लिहिणं सोपं असतं, श्रोतेहो. नियमात एक शब्द सैल पडला की त्यातून माणूस निसटतो, आणि एक शब्द कडक झाला की माणूस येईनासा होतो. मी इकडेतिकडे आधार शोधू लागलो. एक आधार आपल्या महाराष्ट्रातच मिळाला. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करत शिकवणारी ही संस्था. २००२ साली तिथे एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणारी छोटी यंत्रं सर्वांना वापरता येतील अशी कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांमध्ये आपलं पाबळ आहे. जगभरच्या या कार्यशाळांची एक छोटीशी सनद आहे. तिच्यात वापरणाऱ्याच्या जबाबदाऱ्या तीनच. माणसाला आणि मशीनला इजा करू नका. जागेची साफसफाई आणि देखभाल करा. जे शिकलात ते लिहून ठेवा आणि दुसऱ्याला शिकवा.

दुसरा आधार माझ्या घरचाच. शायरीत इस्लाह नावाची रीत आहे. शागिर्द गझल घेऊन उस्तादाकडे जातो, उस्ताद मिसरा दुरुस्त करतो. चांगला उस्ताद मिसऱ्याला नावं ठेवतो, शागिर्दाला नाही. आणि दुरुस्ती का केली, तेही सांगतो. या उघड्या प्रणालींमध्येही नेमकं हेच चालतं, असं मला काकांच्या नातीने दाखवलं. प्रत्येक बदलापुढे नाव, तारीख आणि कारण. दुसऱ्या कुणीतरी तो वाचायचा, मगच तो मूळ संहितेत जायचा. बिघडलं तर मागे जाता येतं, कारण काहीच पुसलेलं नसतं.

मग मी चार नियम लिहिले. पहिला : लाल खटका कुणीही, केव्हाही, कुणाला न विचारता दाबावा, मशीन पुन्हा सुरू मात्र कारण सापडल्यावरच करावं. दुसरा : मशीनचा आकडा बदलण्याआधी दुसऱ्या एकाला दाखवावा. तिसरा : बदल वहीत लिहावा, नाव, तारीख आणि कारणासह. चौथा : वहीत स्वतःची चूक लिहिणाऱ्याला कुणी बोलायचं नाही.

चौथ्या नियमावर सर्वांत जास्त वाद झाला. बँकवाले म्हणाले, "मग तुटलेल्या कटरचे पैसे कोण देणार?" शेवटी ठरलं की कटर सगळ्यांच्या वर्गणीतून. मतदान झालं. कॉलेजच्या मुलांनाही पूर्ण मत आणि काकांनाही एकच मत, गाळा त्यांचा असूनसुद्धा. काकांनी हात वर केला, पण जरा उशिरा.

यात एक सल राहिलाच. जगभरचे हे लोक आपापसात बोलतात ते मुख्यतः इंग्रजीत. काका स्क्रूवर हात ठेवून सांगतात, की याच्यात प्ले किती आहे. हे ज्ञान त्या कोठारात कसं जायचं? दार उघडं आहे, पण उंबरा उंच आहे. संहिता सर्वांची म्हणायची आणि बोलणं मात्र भाषा येणाऱ्यांचंच ऐकायचं, हेही एक कुलूपच. सध्या नात काकांचं मराठी ऐकून टिपणं करते, इंग्रजीत घालते आणि तिकडचं उत्तर मराठीत सांगते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने उघड्या प्रणालींचे धडे मराठीतही बोलके केले आहेत, त्यांचाही उपयोग होतो. पण शिकण्यासाठी मराठी असणं वेगळं आणि मत देण्यासाठी मराठी असणं वेगळं. दुसरं अजून व्हायचं आहे.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा वही खिळ्याला लटकत होती. पहिल्या पानावर काकांचं वळणदार अक्षर होतं. लिहिलं होतं, "शंभर मिलिमीटरला पाव मिलिमीटर कमी भरत होतं. म्हणून ४० चे ४०.१ करायला गेलो. चष्मा घरी राहिला होता. टिंब पडलं नाही, ४०१ झालं. आकडा मीच बदलला होता."

खाली सही आणि तारीख. दोन्ही मुलांनी ते वाचलं आणि नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही. एकाने फक्त काकांसमोर चहाचा ग्लास ठेवला. मी आयुष्यभर अनुस्वारांची काळजी करत आलो; एका टिंबाने काय होतं ते त्या दिवशी लोखंडात पाहिलं.

अब्बा आज असते तर मी त्यांना त्या गाळ्यात नेलं असतं. म्हणालो असतो, "बघा अब्बा, याला विचारता येतं." आणि त्यांनी वही उघडून आधी अक्षर पाहिलं असतं, मग चष्मा काढून स्क्रूवर हात ठेवला असता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)