कुत्र्याचं वजन आणि कर्करोग



आपल्या भिवापुरात दारी आलेल्याला कोणी उपाशी धाडत नाही, मग घरच्या कुत्र्याला कसं ठेवतील? सकाळी पोळी, दुपारी वरण-भात, चहाच्या वेळी बिस्किटं, रात्री रश्श्यात कालवलेली भाकर. आजी घालते, नातू घालतो. दुसऱ्यानं आधीच घातलं का, हे कोणी विचारत नाही. वर्ष-दोन वर्षांत लॅब्रेडॉरची कंबर दिसेनाशी होते आणि शेजारी म्हणतात, "कसा गुटगुटीत झाला!" पशुवैद्य म्हणून मला या कौतुकाचीच काळजी वाटते.

१९८७ साली अमेरिकेत लॅब्रेडॉरच्या ४८ पिलांवर एक प्रयोग सुरू झाला. एकाच वेतातल्या पिलांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं, तेही जन्मभर. २००२ साली निष्कर्ष छापून आले. भरपूर खाणाऱ्यांपैकी निम्मी कुत्री ११.२ वर्षांच्या आत गेली; कमी खाणाऱ्यांत तोच आकडा १३ वर्षं होता. सांधेदुखीही त्यांना उशिरा जडली. प्रयोग प्युरिना या श्वानखाद्य कंपनीचा होता, हे सांगितलंच पाहिजे. पण कमी खाऊ घाला, हा निष्कर्ष तिच्या विक्रीला पूरक नव्हता, म्हणून मला तो अधिक विश्वासाचा वाटतो.

सडपातळ कुत्र्याला कर्करोग होतच नाही, असा याचा अर्थ नाही. पण मादीच्या स्तनांतल्या गाठींशी वजनाचा संबंध आढळलेला आहे. माद्रिदच्या संशोधकांनी १९९८ साली आजारी आणि निरोगी माद्यांचा आहार ताडून पाहिला, तेव्हा एक वर्षाच्या वयात लठ्ठ असलेल्या माद्यांत या गाठी जास्त आढळल्या. चरबी शरीरात नुसती पडून राहत नाही. ती इस्ट्रोजेन तयार करते, शरीरात मंद दाह चालू ठेवते, इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणून पिलाला गुटगुटीत करण्याची हौस मला धोक्याची वाटते. नसबंदीनंतर भूक कमी होत नाही, गरज मात्र घटते. तेव्हा वाटा कमी करा.

गल्लीतल्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर दिसणारी रक्ताळ गाठ वेगळी. ती संगातून पसरते, खाण्याशी तिचा संबंध नाही, आणि व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बहुतेकदा बरी होते.

आता शेतकऱ्यांच्या घरातली गोष्ट. बुरशी लागलेलं धान्य माणसाला नको म्हणून कुत्र्यापुढे टाकतात. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाड्यात आणि गुजरातच्या पंचमहालात पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. शंभरावर माणसं काविळीनं गेली, आणि त्या भागातली पाळीव कुत्रीही त्याच आजारानं मेली. कारण होतं बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. माणसात ते यकृताचा कर्करोग घडवतं. कुत्र्याचं यकृत तर ते थेट निकामी करू शकतं. भाकर भाजली म्हणून ते जात नाही. बुरशीचा मका, शेंगदाणा, ढेप कुत्र्याला अजिबात घालू नका.

कांदा-लसणाचा रस्साही नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या भिवापुरी मिरचीचा अभिमान मलाही आहे, पण ती कुत्र्याच्या पोटासाठी नाही. उकडलेलं कोहळं, गाजर, थोडा पालक चालेल. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००५ सालच्या अभ्यासात, आठवड्यातून तीनदा तरी भाजी खाणाऱ्या स्कॉटिश टेरियर कुत्र्यांना मूत्राशयाचा कर्करोग कमी आढळला. अभ्यास एकाच जातीचा, म्हणून त्याला हमी समजू नका.

कर्करोग झाल्यावर लोक भात तोडतात, साखर तोडतात, कुणाच्या सांगण्यावरून नुसत्या मांसावर ठेवतात. आहारानं कर्करोग बरा झाल्याचा पुरावा नाही. तेव्हा तर वजन टिकवायचं असतं; आजारी कुत्रा झडत गेला की औषधंही त्याला झेपत नाहीत.

आज घरी गेल्यावर कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताला त्या लागल्या पाहिजेत. दाबावं लागत असेल, तर उद्यापासून एकानंच, मोजून खायला घाला. मादी असेल तर प्रत्येक स्तन चाचपा. वाटाण्याएवढी गाठ लागली तरी ती वाढायची वाट पाहू नका. अशा गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात, आणि लहान असतानाच काढलेली गाठ बरी होण्याची शक्यता जास्त असते. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे दवाखाना आहे. उमरेडवरून एसटी जाते. तेवढा एक दिवस मोडा.