मूळ जिवंत आहे

रत्नागिरीला आमच्या परसात विहिरीच्या कठड्याला लागून हॅमेलियाचं एक झुडूप आहे. कुंपणाला लावतात ते. केशरी-लाल, बारीक नळीसारख्या फुलांचं. माझ्या पत्नीनं एका पावसाळ्यात कुठूनशी फांदी आणून खोचली आणि ती जगली. तेव्हापासून सकाळच्या चहाच्या वेळी तिथं शिंजीर येतो. फांदीवर बसतो, बाकदार चोच फुलात घालतो, चार फुलं धुंडाळून निघून जातो.

हे झाड मूळचं आपलं नाही. फ्लोरिडा, मेक्सिको, कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका हा त्याचा मुलूख. तिथं त्याच्याकडे येतो तो हमिंगबर्ड. या पक्ष्याच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, पण त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या. आपल्याकडे एकही नाही. आपण पुष्कळदा शिंजीरालाच हमिंगबर्ड म्हणतो. शिंजीर बहुधा बसून रस पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो. लाल-केशरी रंग, लांब नळी, आत भरपूर रस आणि वास जवळजवळ नाही, ही अशा फुलांची खूण. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्याच्या मात्र तो लगेच डोळ्यांत भरतो.

माझी लेक २०१९ साली लग्न होऊन अमेरिकेत ह्यूस्टनला गेली. पुढच्याच वर्षी महासाथीत तिची आई गेली. विमानं बंद होती. लेकीला येता आलं नाही. काही दिवसांनी तिनं फोनवर विचारलं, ‘‘अब्बा, विहिरीजवळच्या त्या झाडाचं नाव काय?’’ मी सांगितलं. आठवड्याभरात तिनं तिथल्या रोपवाटिकेतून तेच रोप आणून लावलं. तिथं त्याला ‘फायरबुश’ म्हणतात. भरपूर ऊन, पाणी साचणार नाही अशी माती, बाकी त्याचं काही मागणं नसतं. शेजारी तिनं आपल्या मिरची जास्वंदीच्या कुळातलं एक झुडूप लावलं. ते फूल कधी पूर्ण उमलतच नाही, पण आतला रस पक्ष्याला बरोबर सापडतो.

सप्टेंबरमध्ये तिच्या अंगणात पहिला हमिंगबर्ड आला. वजन जेमतेम तीन ग्रॅम, आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं. हे पक्षी उन्हाळा उत्तरेकडे काढून हिवाळ्यासाठी मेक्सिकोकडे जातात. काही किनाऱ्याकिनाऱ्यानं जातात, तर काही मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, सुमारे आठशे किलोमीटर. त्याआधी पोटभर खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात. वाटेवरचं एखादं फुललेलं झुडूप म्हणजे त्यांची शिदोरीच.

आणि मग २०२१ चा फेब्रुवारी आला. टेक्सासमध्ये अशी थंडी पडली की लाखो घरांची वीज गेली. ह्यूस्टनचा पारा उणे दहा अंशांच्या आसपास उतरला. लेक आणि जावई अंधारात गोधड्या लपेटून बसले होते. थंडी ओसरल्यावर तिचा फोन आला. ‘‘अब्बा, झाड काळं पडलंय. उपटून टाकते. तेही गेलं.’’

‘तेही’ या शब्दानं मी गप्प झालो. मग म्हणालो, ‘‘उपटू नकोस बेटा. बुंध्याशी नखानं साल खरवडून बघ.’’ वरच्या फांद्या आतून तपकिरी निघाल्या. जमिनीलगत मात्र हिरवी रेघ होती. मी सांगितलं, सुकलेल्या काटक्या इतक्यात छाटू नकोस, थंडी पुन्हा फिरून येते. बुंध्याभोवती पाचोळा घाल आणि थांब.

मार्चमध्ये दक्षिणेकडून पक्षी परतू लागले आणि अंगणात एक फूल नव्हतं. तेव्हा तिनं साखरपाण्याची बाटली टांगली: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. रंग घालायचा नाही, मध घालायचा नाही. उन्हाचे दिवस आले की दर दोन दिवसांनी बाटली धुवून पाणी बदलायचं, नाहीतर ते आंबतं आणि पक्षी आजारी पडतो.

वसंत सरता सरता जमिनीतून तांबूस कोंब वर आले. पाठोपाठ मावाही आला. औषध फवारू का, असं तिनं विचारलं. तेव्हा मला तिच्या आईची सवय आठवली. ती झाडावरचं कोळ्याचं जाळं कधी झाडू द्यायची नाही. शिंजीर आपलं लोंबतं घरटं त्याच धाग्यांनी विणतो. हमिंगबर्डचं वाटीएवढंही नसलेलं घरटं त्याच धाग्यांनी बांधलेलं असतं आणि पिल्लांना तो चिलटं, कोळी असलंच भरवतो. फुलावर विष मारून त्याच फुलावर पाहुणा कसा बोलवायचा? तिनं नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं मावा धुतला. त्या सप्टेंबरमध्ये झाड फुललं आणि पक्षीही आले.

२०२२ मध्ये लेक घरी आली. सामान ओसरीवर टाकून आधी विहिरीकडे गेली. बराच वेळ तिथं उभी होती. मी तिच्या मागं गेलो नाही. संध्याकाळी मी केरसुणी घेऊन परस झाडत होतो. झुडपातलं एक जाळं दिसलं आणि सहज हात पुढे गेला. ओसरीवरून आवाज आला, ‘‘अब्बा, जाळी राहू द्या.’’

अगदी तिच्या आईच्या आवाजात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)