केशवराव कोरटकर आणि त्यांच्या शाळा

हिंगोलीचें नांव निघालें कीं श्रोत्यांपैकीं पुष्कळांस औंढ्याचा नागनाथ आठवेल, कांहींना संत नामदेवांची नरसी आठवेल, आणि इतिहासाची आवड असणारांस निजामाच्या कंटिंजंट फौजेची तेथील जुनी छावणी आठवेल. याच भागांतील पुरजळ या खेड्याचें नांव मात्र फारसें कोणाच्या कानांवर आलेलें नसतें. हें गांव पूर्वीं परभणी जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत मोडत असे. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हां तें त्या जिल्ह्यांत आलें. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ सालीं या पुरजळास झाला. निजामाच्या राज्यांत मराठी शिक्षणाचा पाया ज्यांनीं घातला त्या मोजक्या पुरुषांत त्यांची गणना होते. हैदराबादची विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचें नूतन विद्यालय या दोन संस्थांच्या स्थापनेंत त्यांचा हात होता. दोन्ही संस्था शंभर वर्षें ओलांडून गेल्या आहेत, आणि आश्चर्य असें कीं दोन्ही आज महाराष्ट्राबाहेर आहेत.

या शाळा कां निघाल्या हें समजण्यासाठीं त्या राज्याची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. निजामाच्या राज्यांत सोळा जिल्हे होते. त्यांपैकीं आठ तेलुगु भाषेचे, तीन कन्नड भाषेचे आणि औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, नांदेड व परभणी हे पांच मराठी भाषेचे. प्रजेपैकीं सुमारें निम्मे लोक तेलुगु बोलत, सुमारें एक चतुर्थांश मराठी बोलत. उर्दू ही ज्यांची घरची भाषा होती त्यांचें प्रमाण दहांत एकाच्या आसपास होतें. तरीही राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी होती, आणि १८८४ सालीं तिच्या जागीं उर्दू आली. शेतकऱ्याचा अर्ज उर्दूंत, कोर्टाचा निवाडा उर्दूंत, पोलिसपाटलाचा कागदही उर्दूंत. ज्या मुलाची आई त्याला ओव्या ऐकवून निजवी, त्याला दोन अक्षरें शिकून सरकारदरबारीं उभें राहावयाचें तर घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवूनच जावें लागे.

केशवराव स्वतः याच वाटेनें गेलेले. उर्दू ही कोर्टाची भाषा असलेल्या राज्यांत त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला, गुलबर्ग्यास वकिली आरंभली, आणि १८९६ च्या सुमारास ते राजधानीस, हैदराबादेस आले. तेथें त्यांची गणना नामांकित वकिलांत होऊं लागली, आणि पुढें ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. परकी भाषा आत्मसात् करून जो मनुष्य एवढ्या पदास चढतो, त्याला त्या भाषेचा अभिमान वाटूं लागावा आणि मागें राहिलेल्यांचा विसर पडावा, हा जगाचा नेहमींचा अनुभव आहे. केशवरावांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. जी वाट आपण चाललों ती सर्वांना चालतां येणार नाहीं, हें त्यांनीं जाणलें.

गुलबर्ग्याचें नूतन विद्यालय १९०७ सालीं सुरू झालें. त्याच्या स्थापनेंत विठ्ठलराव देऊळगांवकर हे अग्रभागीं होते, आणि त्या गांवीं पूर्वीं वकिली केलेल्या केशवरावांचें त्यांस साह्य होतें. हैदराबादेंत त्याच सुमारास, १९०६-०७ च्या काळांत, विवेकवर्धिनी निघाली. तेथें वामनराव नाईक यांच्यासारखे कर्ते पुरुष केशवरावांच्या बरोबर होते. तो काळच अशा संस्थांचा होता. वंगभंगाच्या चळवळीनें ब्रिटिश मुलुखांत राष्ट्रीय शिक्षणाचें वारें सुटलें होतें, आणि तें वारें संस्थानांच्या हद्दी ओलांडून आंत शिरत होतें. हैदराबादेंत सुलतान बाजारचें आर्यसमाज मंदिर हें विचारी मंडळींचें एक केंद्र झालें होतें. केशवराव तेथील प्रमुखांपैकीं एक होते. पुढें वेदांचे भाष्यकार म्हणून ज्यांची कीर्ति झाली ते श्रीपाद दामोदर सातवळेकर त्या वर्षांत चित्रकार म्हणून हैदराबादेस राहत होते, आणि त्यांचाही याच वर्तुळांत वावर होता.

शाळा काढणें सोपें, ती चालविणें अवघड. ज्या शाळेस दरबाराचा आश्रय नाहीं, तिला वकिलांची वर्गणी, व्यापाऱ्यांची देणगी आणि शिक्षकांचा अल्प वेतनावरील संसार यांवरच दिवस काढावे लागतात. त्यांतून या राज्यांत राजकीय सभांवर बंधनें होतीं. पुढें सार्वजनिक सभेस सरकारी परवानगी घेण्याचा ‘गश्ती निशाण ५३’ या नांवानें कुप्रसिद्ध झालेला हुकूम निघाला, आणि खासगी शाळा काढण्यासही परवाना लागूं लागला. अशा राज्यांत शाळेच्या चार भिंतींस निराळेंच महत्त्व येतें. जें बाहेर बोलतां येत नाहीं तें समाजसुधारणेच्या, वाङ्मयाच्या किंवा ग्रंथालयाच्या निमित्तानें तेथें बोललें जातें. १९२० सालीं लक्ष्मणराव फाटक यांनीं ‘निजाम विजय’ हें मराठी साप्ताहिक काढलें, १९२२ सालीं हैदराबादेस मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. शाळा, वृत्तपत्र आणि ग्रंथालय या तीन गोष्टी जमल्या, आणि विखुरलेल्या मराठी माणसांचा तेथें एक समाज झाला.

याच सुमारास भाषेच्या प्रश्नाला एक नवें वळण लागलें. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याचें माध्यम उर्दू ठरलें. हिंदुस्थानांतील विद्यापीठें इंग्रजीवांचून चालूंच शकत नाहींत असें मानलें जात होतें, त्या काळीं देशी भाषेंतून वैद्यक आणि विज्ञान शिकविण्याचा हा प्रयोग खरोखर धाडसाचा होता. त्यासाठीं भाषांतराचें निराळें खातें उभारलें गेलें आणि शेंकडों ग्रंथ उर्दूंत आणले गेले. परंतु देशी भाषा म्हणजे एकच भाषा, असें या प्रयोगानें गृहीत धरलें. परभणीच्या मुलास किंवा वरंगळच्या मुलास ही देशी भाषा इंग्रजीइतकीच परकी होती. आपल्या भाषेचा न्याय मागणाऱ्यास शेजाऱ्याची भाषा दिसत नाहीं, या दोषाचें हें एक उदाहरण झालें. दुसरें उदाहरण प्रत्यक्ष विवेकवर्धिनीच्या सभागृहांत घडावयाचें होतें.

१९२१ सालच्या नोव्हेंबरांत निजाम राज्यांतील समाजसुधारणा परिषद विवेकवर्धिनींत भरली. अध्यक्षस्थानीं महर्षि धोंडो केशव कर्वे होते. पांच वर्षांपूर्वीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें होतें, आणि स्त्रियांचें शिक्षण मातृभाषेंतून व्हावें हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत होता. परिषदेंत इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणें चाललीं होतीं. आलमपल्ली वेंकटरामराव या वकिलांनीं तेलुगु भाषेंत बोलण्यास आरंभ केला, तेव्हां सभेंतील कित्येकांनीं हंसून आणि गलका करून त्यांचें भाषण चालूं दिलें नाहीं. ज्या राज्यांत तेलुगु ही सर्वांत अधिक लोकांची भाषा, तेथें तिला व्यासपीठावर जागा मिळाली नाहीं. आणि तीही अशा इमारतींत कीं जी मातृभाषेच्या अन्यायाचें निवारण करण्यासाठींच उभी राहिली होती.

तेलुगु मंडळींनीं त्याच दिवशीं एकत्र जमून आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव हे त्यांच्या प्रमुखांत होते. तेलुगु लोकांचें श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हें ग्रंथालय १९०१ पासून हैदराबादेस होतें. आतां त्याच्या जोडीस गांवोगांवीं ग्रंथालयें, शाळा आणि मुलींची विद्यालयें निघूं लागलीं. १९३० सालीं जोगीपेठ येथें या कार्यास आंध्र महासभेचें रूप आलें. मराठी जिल्ह्यांत महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. अपमानांतून उठलेला समाज पुढें निघून गेला, आणि सभागृहाचे धनी मागें राहिले, असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

हा प्रसंग सांगण्यांत विवेकवर्धिनीचा अधिक्षेप नाहीं. कोणतीही जुनी संस्था घेतली तरी तिच्या चरित्रांत असा एखादा दिवस सांपडतोच. वर्धापनदिनाच्या अहवालांत तो दिवस बहुधा वगळला जातो, आणि तेथेंच चूक होते. स्थापकांचा हेतु उदात्त होता एवढ्यानें संस्था उदार होत नाहीं. तो हेतु दाराशीं आलेल्या प्रत्येकास लागू करावा लागतो. आपल्या मुलासाठीं मागितलेला न्याय शेजाऱ्याच्या मुलास नाकारला, तर तो न्याय राहत नाहीं, नुसता हट्ट होतो.

केशवराव १९३२ सालीं निवर्तले. आपल्या मुलास, विनायकरावांस, त्यांनीं हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलांत शिकविलें होतें. तेथील विद्यालंकार ही पदवी पुढें त्यांच्या नांवालाच जोडली गेली. गुरुकुलांतून निघून ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, आणि भारतांत विलीन झालेल्या हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळांतही बसले. या मुलानें १९४० सालीं हैदराबादच्या नारायणगुड्यांत वडिलांच्या स्मरणार्थ केशव स्मारक शाळा काढली. त्या शाळेचा विस्तार होत होत २००७ सालीं तिच्या संस्थेचें इंजिनियरिंग कॉलेजही निघालें, आणि तेलंगणांतील मुलें आज पुरजळच्या या मराठी माणसाच्या नांवाच्या कॉलेजांत शिकत आहेत. १९२१ सालच्या त्या सभेंत जें राहून गेलें, त्याची कांहीं भरपाई या स्मारकानें केली असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना होऊन जुनें हैदराबाद राज्य तीन प्रांतांत वांटलें गेलें. मराठवाडा मुंबई राज्यांत आला, गुलबर्गा म्हैसूर राज्यांत गेलें, हैदराबाद आंध्रांत गेलें. दोन्ही मराठी शाळा एका रात्रींत परप्रांतांतल्या शाळा झाल्या. ज्या पांच जिल्ह्यांच्या बळावर हैदराबादेंतील मराठी समाज उभा होता, ते जिल्हे सीमेपलीकडे गेले. अशा वेळीं पुष्कळ संस्था कुलपें लावून मोकळ्या होतात. या दोन्ही संस्था टिकल्या, वाढल्या, आणि शाळेच्या पुढें जाऊन त्यांनीं महाविद्यालयेंही चालविलीं. गुलबर्ग्याचें नांव आतां कलबुर्गी झालें आहे, हैदराबाद ही तेलंगणाची राजधानी आहे. शाळांचीं नांवें तींच आहेत.

इकडे ज्या मुलखांतून केशवराव निघाले, तेथें उच्च शिक्षण पोंचण्यास फार विलंब लागला. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें, आणि १९९४ च्या १७ सप्टेंबरास नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालयें या विद्यापीठास जोडलेलीं आहेत. पुरजळच्या मुलाला आतां शिक्षणासाठीं घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागत नाहीं. आणि त्याच्या वर्गांत उर्दू, बंजारा, आंध किंवा हिंदी बोलणारें मूल शेजारीं बसलेलें असतें. त्या मुलानें आपल्या भाषेंत तोंड उघडलें तर वर्ग हंसतो कीं ऐकतो, यावरून केशवरावांचें काम आपल्याकडे किती पोंचलें तें ठरेल.