पाण्याच्या मशीनचा घरचा हिशेब
(उरण तालुक्याच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका बहिणीने मला विचारले, "दादा, ते पाण्याच्या जोराने धुवायचं मशीन सहा-सात हजाराला मिळतं, हप्त्यावरही देतात. घ्यावं का?" आजूबाजूचे पुरुष हसले. त्यांना वाटले, संघटनेच्या बैठकीत भाताच्या भावाचे बोलायचे, जमिनीच्या मोबदल्याचे बोलायचे, अंगण धुवायचे मशीन मध्येच कुठून आले? मीही थोडा हसलो. घरी गेल्यावर मात्र लाज वाटली. कारण हे मशीन माझ्याच घरात दोन पावसाळे होते आणि त्याचा हिशेब मी वहीत लिहून ठेवलेला होता. मग तिला नीट उत्तर द्यायला मला काय हरकत होती? ते उत्तर आज देतो.

मशीन मी हौसेने आणले नव्हते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये सुरू झाला की पागोळ्या थांबत नाहीत, आणि आषाढात ओट्याच्या पायऱ्यांवर, शहाबादीवर, मोरीपासून गोठ्यापर्यंतच्या सिमेंटवर हिरवे शेवाळ धरते. माझी आई सत्तरी ओलांडलेली. सकाळी तुळशीला पाणी घालायला उतरली आणि पायरीवरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. त्या दिवसापर्यंत शेवाळ घासणे हे काम आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. दर आठवड्याला माझी बायको आणि सून, दोघी मिळून, वायरचा ब्रश आणि खराटा घेऊन दोन-दोन तास ते घासत होत्या. त्या आठवड्यात लावणी चालू होती, दोघी शेतात होत्या, म्हणून घासायचे राहिले होते. आई वाचली, पण काठीशिवाय पुन्हा चालली नाही.

मग मी दुकानात गेलो. 6,900 रुपयांचे मशीन घेतले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते: 130 बार दाब, मिनिटाला 7 लिटर पाणी, 1400 वॅट मोटार. आता भाताच्या काट्यात किती मारले जाते हे ओळखणाऱ्या माणसाने खोक्यावरचे आकडे तसेच गिळू नयेत. एक साधा गुणाकार आहे. दाबाचे बार आणि मिनिटाचे लिटर यांचा गुणाकार करायचा आणि 600 ने भागायचे. येतात ते किलोवॅट, म्हणजे पाण्याला तेवढा जोर द्यायला लागणारी शक्ती. 130 गुणिले 7 म्हणजे 910, भागिले 600 म्हणजे 1.5 च्या वर. दीड किलोवॅट पाण्यात उतरायला हवे आणि मोटार तर विजेच्या तारेतून घेतेच मुळी 1.4! बैल खातो त्यापेक्षा जास्त ओढतो असे कुठे झाले आहे? मोटारीत, पंपात काही शक्ती उष्णतेत जातेच. खोक्यावरचा आकडा खोटा असतो असे मी म्हणत नाही. जास्तीत जास्त दाब एका वेळी मोजलेला असतो आणि जास्तीत जास्त पाणी दुसऱ्या वेळी. दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत, एवढे खोक्यावर लिहिलेले नसते.

मी 20 लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन मोजले. 3 मिनिटे 40 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला साडेपाच लिटर. दाब माझ्या अंदाजाने 90 बारच्या आसपास असावा. शेवाळाला तो पुरतो हे आधी सांगून टाकतो. पायऱ्या अशा निघाल्या की गवंड्याने काल बसवल्या असे वाटावे.

आता पाण्याचे. विकणारा सांगतो की हे मशीन पाणी वाचवते. खरे आहे, पण कोणाचे? माझ्या घरची अर्धा इंची नळी मी त्याच बादलीने मोजली, बादली 70 सेकंदांत भरली. मिनिटाला 17 लिटर. नळी सोडून अंगण धुणाऱ्याचे पाणी मशीन नक्की वाचवते. माझ्या अंगणाला मोटार चालू असण्याची 55 मिनिटे लागत, म्हणजे 300 लिटर. पण आमच्या शेजारी नळ नाही. तिथली माउली आठ बादल्यांत, 160 लिटरमध्ये, तेच अंगण घासून धुते. तिने मशीन घेतले तर पाणी जवळजवळ दुप्पट लागेल, आणि तेही तिलाच डोक्यावरून आणायचे. रानसई धरण उन्हाळ्यात तळाला गेले की आपल्याकडे काय होते हे मी सांगायला नको. ज्यांच्या घरी पाणी हंड्याने किंवा टँकरने येते त्यांनी पाणी वाचेल म्हणून हे मशीन घेऊ नये.

बोअरचे पाणी खारे असेल तर आणखी एक भानगड. आपल्या खाडीकाठच्या बऱ्याच बोअरांना मीठ लागते. खारे पाणी पंपातून गेले की आतल्या झडपा, स्प्रिंगा गंजायला वेळ लागत नाही. काम झाले की दोन मिनिटे गोडे पाणी पंपातून सोडायचे, बटण बंद करायचे आणि मग बंदुकीचा घोडा दाबून आत कोंडलेला दाब मोकळा करायचा. हे शेवटचे माझा मुलगा नेहमी विसरायचा. विहिरीच्या पाण्यातली वाळू अडवायला तोंडाशी जाळी असते, ती दर वेळी झटकायची. टाकीतून पाणी ओढायचे असेल तर आधी नळी पाण्याने भरून घ्यायची. कोरडा पंप फिरला की आतली सीले जातात.

विजेचे मी जरा दमाने सांगतो, कारण इथे चूक झाली तर पैशाचे नुकसान होऊन भागत नाही. ओले अंगण, अनवाणी पाय आणि हातात विजेवर चालणारी वस्तू. 1400 वॅट म्हणजे 6 अँपिअरच्या वर विद्युतप्रवाह. पंख्याच्या प्लगवर, बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर हे लावायचे नाही. 16 अँपिअरचा प्लग, अडीच एमएमची तीन तारांची वायर आणि खरी अर्थिंग पाहिजे. खरी म्हणतो, कारण कितीतरी घरांत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येते आणि तिथेच लोंबते. आणि मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. साधा एमसीबी जास्त भार आला तर पडतो, तो वायर वाचवतो. माणसाला धक्का बसला तर प्रवाह तोडणारा तो आरसीसीबी. त्याचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. ते धरून परवडत नसेल तर मशीन परवडत नाही, असे समजा.

दुसरा धोका पाण्याच्या धारेचा. चिखलाचे पाय या धारेखाली धरायची बुद्धी प्रत्येकाला होते. धरू नका. जवळून ही धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढे भोक दिसते, आत मात्र घाण खोलवर गेलेली असते. असे झाले तर हळद लावून बसायचे नाही, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचे आणि काय झाले ते सांगायचे. गोठा धुताना तोंडावर फडके आणि डोळ्यांना चष्मा लावा. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि हे मशीन तेच पाणी धुक्यासारखे तोंडावर उडवते. गुरे तर याने धुवायचीच नाहीत.

कशाकशावर चालवून पाहिले? पॉवर टिलरच्या चाकांवरची चिखलणी छान सुटली. पण बेअरिंगच्या सीलवर धार मारली आणि आतल्या ग्रीसमध्ये पाणी शिरले, ते पुढच्या हंगामात समजले. रेडिएटरच्या पातळ पट्ट्या जवळच्या धारेने वाकल्या. जुन्या चुन्याच्या भिंतीचा गिलावा पोपड्यासारखा निघाला. करंजाच्या एका कोळी मित्राने विचारले, होडी धुवू का? वरचा डेक धू म्हटले, पण लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांवर धार नको, तिथे भरलेला कापूस उचकटून येईल.

गंमत पाहा, घरात उचलून नेता येईल असे पहिले मशीन कार्शर या जर्मन कंपनीने बाजारात आणले ते 1984 साली. त्याच वर्षीच्या जानेवारीत इथे जमिनीच्या भावासाठी आपली पाच माणसे गेली. तेव्हा असल्या वस्तूचे नावही आपण ऐकले नव्हते. पुढे 1989 ला बंदर सुरू झाले, ट्रेलर आले, आणि आता रस्त्याकडेला जागोजागी गाड्या धुवायचे पंप दिसतात. त्यामुळेच आमच्या पुतण्याला वाटले की घरच्या मशीननेही ट्रेलर धुता येईल.

ते मशीन तिथेच संपले. या स्वस्त मशीनची मोटार मिक्सरसारखी, कार्बन ब्रशची असते. वीस मिनिटे चालवायची, दहा मिनिटे थांबायचे, अशी ती वागवावी लागते. पुतण्याने दोन तास सलग चालवली, तीही संध्याकाळी, दिवे पिवळे पडलेले असताना. आर्मेचर जळाले. दुकानदार म्हणाला, नवीन आर्मेचरला मशीनच्या निम्म्या किमतीएवढा खर्च येईल आणि माल कधी येईल सांगता येत नाही. मी नाद सोडला.

आता वही उघडतो. मशीन 6,900. मधे फुटलेला पाइप आणि बंदूक 1,150. ब्रश बदलले 400. एकूण 8,450 रुपये. मशीन चालले 64 तास. म्हणजे मोटारीचा एक तास पडला 132 रुपयांना. अंगणाच्या एका धुण्याला 55 मिनिटे, म्हणजे 121 रुपये, आणि वीज युनिटला 10 रुपये धरून 13. झाले 134.

या 134 रुपयांत वाचले काय? आधी दोघींचे मिळून चार तास जात. मशीनने एका माणसाचा दीड तास जातो, मांडामांड आणि मोटार थंड करण्याची वेळ धरून. वाचले अडीच तास. या अडीच तासांना भाव कोणता लावायचा? आमच्या गावात पुरुषाची मजुरी 600 धरली तर तासाला 75, अडीच तासांचे 187. मशीन 53 रुपये फायद्यात. बाईची मजुरी 400 धरली तर तासाला 50, अडीच तासांचे 125. मशीन 9 रुपये तोट्यात. आणि आपण घरात जो भाव लावतो, म्हणजे शून्य, तो लावला तर सगळे 134 पाण्यात.

मशीन तेच, अंगण तेच, शेवाळ तेच. आपण गेली चाळीस वर्षे ओरडून सांगत आलो की भाताच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा, ती फुकट नाही. आणि मी, त्या सभांना जाणारा माणूस, घरी शेवाळ घासणाऱ्या दोघींचे चार तास वर्षानुवर्षे कुठल्याच वहीत लिहिले नाहीत. आई पडली नसती तर आजही लिहिले नसते. माझ्या खुर्चीवरून मशीन महाग दिसत होते, कारण घासण्याचे काम मला फुकट पडत होते.

मग घ्यावे का? ज्या बहिणीने विचारले तिच्या घरी नळ आहे, ओटा मोठा आहे, सासूबाई थकलेल्या आहेत. तिने घ्यावे, रोखीने घ्यावे. हप्त्याच्या कागदावर व्याज आणि फी धरून एकूण किती भरायचे ते आधी लिहून घ्यावे. सुटे ब्रश आणि सीले पनवेलला मिळतात का ते विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ट्रेलर धुवायला कोणाला देऊ नये, पुतण्या असला तरी.

टिलर, ट्रॉली, जाळी, गोठा असे रोजचे काम असेल त्यांनी हे मशीन घेऊ नये. त्यांच्यासाठी बागायतदार फवारणीला वापरतात तो तीन पिस्टनचा एचटीपी पंप बरा. पट्ट्यावर चालतो, दोन एचपीची मोटार किंवा छोटे इंजिन लागते. सगळे मिळून किंमत या मशीनच्या अडीच-तीन पट होईल, पण तेल बदलले आणि पॅकिंग घातले की गावचा मिस्त्री त्याला चालू ठेवतो. दाब कमी असतो, तिशीच्या आसपास, म्हणून जुने शेवाळ नीट निघत नाही. पाणी मात्र मिनिटाला वीसेक लिटर पिते, तेव्हा तळे किंवा विहीर जवळ हवी. चार-पाच घरांनी मिळून घेतला तर परवडतो. मिळून घेतलेल्या वस्तूवरून आपल्याकडे भांडणे होतात, हे मलाही माहीत आहे. तेल कोणी घालायचे एवढे आधी कागदावर लिहा, अर्धी भांडणे तिथेच मिटतील.

आणि ज्यांच्याकडे पाणी हंड्याने येते त्यांनी वायरचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घ्यावी. पावडर रात्री लावून सकाळी घासायची, तुळशीपासून आणि विहिरीपासून लांब. पण घासायला या वेळी घरातल्या पुरुषांनी बसावे, आणि घड्याळ लावून बसावे.

माझी वही मी आणली आहे, ज्यांना पाहायची त्यांनी चहाच्या वेळी पाहावी. जळलेले मशीनही पोत्यात घालून आणले आहे. मिस्त्री आलेले आहेत, ते आर्मेचर उघडून दाखवतील.