जुन्या कॅमेऱ्याला मूठ



भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परदेशातून आलेले यंत्र इथल्या हाताला सरावाचे व्हावे लागते, हे या नगरीला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. आजचा विषय त्याच जातीचा, परंतु आकाराने फार लहान आहे. फिल्मवर चालणारा जुना सोव्हिएत कॅमेरा हातात सुखाने बसावा म्हणून त्यात कोणता फेरफार करावा आणि कोणता करू नये, एवढाच तो विषय होय.

या कॅमेऱ्यांना मूठ का नसते, हे प्रथम पाहिले पाहिजे. जर्मनीत ऑस्कर बार्नाक याने योजलेला लाइका 1925 मध्ये बाजारात आला. तो खिशात मावावा अशी अपेक्षा होती. त्याचे भिंग लहान व आत सरकणारे होते. अशा हलक्या यंत्राला मुठीची गरज नव्हती. त्याच्याच नमुन्यावर खारकोव्ह येथील श्रमवसाहतीत, जिचे नेतृत्व शिक्षणतज्ज्ञ मकारेंको यांनी केले, फेड हा कॅमेरा होऊ लागला. पुढे 1948 मध्ये झोर्की आला आणि झोर्कीच्याच धडात आरसा बसवून झेनिट सिद्ध झाला. 1965 च्या झेनिट-ई पर्यंत भिंग जड झाले, आरशाची पेटी पुढे आली. परंतु धडाची गुळगुळीत, गोल कडा मात्र लाइकाच्या काळातलीच राहिली. अडचणीचे मूळ येथे आहे.

भिंगासह झेनिट-ई चे वजन एक किलोच्या जवळपास भरते. भार पुढे झुकतो आणि तो उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर पेलावा लागतो. मे महिन्यात, जेव्हा भिलाईत पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा घामाने ती बोटे घसरतात. बोटे घट्ट आवळली की स्नायू थरथरतात, आणि तो कंप चित्रात उतरतो. झेनिट-ई च्या ठरावीक वेगांपैकी सर्वांत मंद वेग एक-तीसांश सेकंदाचा आहे. त्याच्या 58 मिलिमीटर भिंगाला हातात धरून एक-साठांशाहून मंद वेग वापरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे सायंकाळच्या प्रकाशात चांगली पकड ही चैनीची बाब राहत नाही. सांधे आखडलेल्या वयस्क माणसाच्या बाबतीत तर कॅमेरा वापरात राहणार की कपाटात जाणार, हे तीवरच ठरते.

अशा वेळी धडालाच भोके पाडून मूठ जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 1918 च्या सुमारास चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतःच्या कारागिरीने घडवला. परंतु नवे यंत्र घडवणाऱ्याला जे स्वातंत्र्य असते, ते जुने यंत्र सांभाळणाऱ्याला नसते. झेनिट किंवा झोर्कीचे शटर रबर चढवलेल्या कापडी पडद्यांचे असते. धातूचा बारीक कीस त्यात गेला, तर पडदा अडकतो किंवा फाटतो. भोकातून प्रकाश शिरला, तर फिल्म वाया जाते. असे कॅमेरे आता तयार होत नाहीत.

योग्य मार्ग साधा आहे. तळाशी तिपाईसाठी आटे असलेले छिद्र असते; मुठीला तोच आधार पुरेसा होतो. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी काटकोनात वाकवून तळाखाली घ्यावी आणि तिच्या उभ्या भागावर सागाची किंवा शिसवीची मूठ बसवावी. अनेक जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यांचे छिद्र तीन-अष्टमांश इंचाचे असते, नेहमीच्या पाव इंचाचे नसते. म्हणून आधी माप घ्यावे. स्क्रू छिद्राच्या खोलीहून लांब असता कामा नये. पट्टी व धड यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे रबर घातले, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. लाकूड एकदम तासू नये. ओली माती मुठीत दाबून हाताचा ठसा घ्यावा, त्याप्रमाणे कानस चालवावी आणि तर्जनी न ताणता शटरच्या बटणावर पोचते की नाही, हे वारंवार पाहावे.

झोर्की-4 च्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शटर सुटताना त्याची वेगाची चकती फिरते. मुठीमुळे बोट चकतीवर टेकू लागले, तर प्रकाशाचे माप बिघडते. तसेच त्याची पाठ काढण्याच्या किल्ल्या तळाशी असतात. पट्टीने त्या झाकल्या, तर प्रत्येक फिल्म बदलताना मूठ उतरवावी लागेल.

मूठ सर्व दोष दूर करीत नाही. आरसा उचलला जाताना बसणारा हिसका तसाच राहतो. पुढे, 1986 च्या कॅनन टी-90 सारख्या कॅमेऱ्यांत, मूठ धडाच्या घडणीतच आली. जुन्या कॅमेऱ्याला ती बाहेरून द्यावी लागते. म्हणून तिची कसोटी दुहेरी आहे: ती लावली असता हात निवांत राहावा आणि काढली असता कॅमेऱ्यावर तिची खूणही उरू नये. हातांची मापे बदलतील; कॅमेरा पुढच्या हाताकडे जसाच्या तसा जावा.