जिजाईच्या बाजूनं

‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा विषय निघाला की लोक विष्णुपंत पागनीसांबद्दल बोलतात, आणि ते रास्तच आहे. मी मात्र आज जिजाईबद्दल बोलणार आहे.

प्रभात कंपनीचा हा चित्रपट 1936 सालचा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी इतकं बेमालूम लिहिलं, की अनेकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. हे सगळं मी पुढे वाचलं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. इंदूरला आषाढीच्या दिवशी सकाळचा खेळ होता, आई मला घेऊन गेली होती.

वडिलांचं किराणा दुकान होतं. उधारी मागायला त्यांची जीभ रेटत नसे. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. महिनाअखेरीस घरातलं पीठ संपलं, की वाटी घेऊन शेजारी जायची ती आई.

पडद्यावर जिजाई आजारी पोराला घेऊन देवळात शिरली आणि थेट विठोबालाच जाब विचारू लागली. थिएटरातल्या बायका आधी दचकल्या, मग हसल्या. एकीनं तर टाळी वाजवली. आईही हसली, मोठ्यानं, डोळे पुसत. घरात तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात. जिजाईला पोरांचं बघायचं असतं, ती मागे राहते. विमान वर जाताना सगळ्यांनी हात जोडले. आईनंही जोडले. पण बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “बिचारीचं आता कसं व्हायचं?”

दामले-फत्तेलालांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी संताला मोठं केलं, पण त्यासाठी त्याच्या बायकोला लहान केलं नाही. गौरी या अभिनेत्रीनं जिजाई अशी उभी केली, की तिचा राग प्रत्येकीला आपला वाटावा.

आज हा चित्रपट मोबाइलवरही दिसतो. जिजाई तीच आहे, फक्त शेजारचं हसू ऐकू येत नाही. त्या सकाळी अनोळखी बायका एकदम हसल्या, तेव्हा वाटी घेऊन जाणारी आपण एकटी नाही, हे आईला कळलं असावं. म्हणून सांगतो, हा चित्रपट एकट्यानं पाहू नका. घरातल्या बायकांबरोबर पाहा, आणि त्या कुठे हसतात तिकडे लक्ष ठेवा.